झोनिंग बोर्डापुढे जाण्याआधी: न्यू जर्सीतल्या मराठी घरमालकांसाठी व्हेरिअन्सची माहिती

परमिटचा अर्ज टाउनशिपच्या ऑफिसातून परत येतो. सोबत झोनिंग ऑफिसरचं एक पानी पत्र असतं: बाजूचा सेटबॅक (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) १० फूट हवा, तुमच्या नकाशात ७ आहे, अर्ज नामंजूर. आमच्याकडे येणारे बहुतेक घरमालक हे पत्र घेऊनच येतात आणि काम बारगळलं असं धरून चालतात. पण झोनिंग ऑफिसरला नियमातून सूट देण्याचा अधिकारच नसतो. तो अधिकार झोनिंग बोर्डाचा आहे आणि बोर्डाकडे जाताना हेच पत्र लागतं. तेव्हा ते जपून ठेवा.

आमची आर्किटेक्ट आणि प्लॅनरची छोटी फर्म आहे. आम्ही नकाशे काढतो, अर्ज तयार करतो आणि बोर्डापुढे साक्ष देतो. कायद्याचा सल्ला मात्र वकीलच देऊ शकतो. त्याची गरज कुठे पडते ते पुढे सांगितलं आहे.

सूट मागायची म्हणजे काय

न्यू जर्सीचा म्युनिसिपल लँड यूज लॉ जानेवारी १९७६ मध्ये मंजूर झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून लागू आहे. प्रत्येक टाउनशिप आपला झोनिंग ऑर्डिनन्स (स्थानिक नियमावली) स्वतः करते, म्हणून एडिसनमधल्या मित्राला जे चाललं ते वूडब्रिजमध्ये चालेलच असं नाही. सूट कोणत्या कारणासाठी मिळते, नोटीस कोणाला द्यायची, मतं किती लागतात, हे मात्र राज्याचा कायदा ठरवतो आणि ते सगळीकडे सारखं आहे. नियमातून मिळणाऱ्या या सवलतीला व्हेरिअन्स म्हणतात.

घरमालकांच्या बहुतेक मागण्या ‘सी’ व्हेरिअन्समध्ये बसतात: सेटबॅक, प्लॉटची रुंदी, बांधकामाखालची टक्केवारी, कुंपणाची उंची, डेक, शेड. ‘डी’ व्हेरिअन्स जड असतो. त्या झोनमध्ये परवानगी नसलेला वापर, ठरलेल्या फ्लोअर एरिया रेशोपेक्षा (प्लॉटच्या तुलनेत सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्रफळ) जास्त बांधकाम, किंवा मुख्य इमारतीची उंची मर्यादेपेक्षा १० फूट किंवा १० टक्क्यांहून अधिक, अशा मागण्या त्यात येतात. तुमचं काम कोणत्या गटात पडतं हे पहिल्याच भेटीत ठरवावं लागतं, कारण पुढचा खर्च, साक्षीदार आणि मतांचं गणित त्यावर अवलंबून असतं.

बोर्ड काय ऐकतं

ही गोष्ट आम्ही प्रत्येक ग्राहकाला दोनदा सांगतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी पुण्याहून येतात, गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, मुलं मोठी झाली, खोली कमी पडते. हे सगळं खरं असतं आणि बोर्डावरच्या माणसांना ते कळतंही. पण कायद्याने त्यांना त्यावर निर्णय देता येत नाही. ‘सी’ व्हेरिअन्सच्या पहिल्या प्रकारात अडचण जमिनीची असावी लागते: प्लॉट अरुंद आहे, उथळ आहे, वेडावाकडा आहे, उतारावर आहे, किंवा जुनं बांधकाम कायदेशीरपणे अशा जागी उभं आहे की नियम पाळायचा तर घर वापरणंच अवघड होतं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वॉल टाउनशिपच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. मालकाची व्यक्तिगत अडचण इथे मोजली जात नाही आणि आपण स्वतः ओढवून घेतलेली अडचणही चालत नाही. प्लॉटचा तुकडा स्वतःच विकला आणि मग जागा कमी पडते म्हटलं, तर बोर्ड ते मान्य करणार नाही.

दुसरा प्रकार थोडा मोकळा आहे. जमिनीत काही वेगळी अडचण नसली तरी तुमच्या योजनेमुळे झोनिंगचे हेतू जास्त चांगले साधतात आणि फायदा तोट्यापेक्षा भरपूर मोठा आहे असं दाखवता आलं, तर सूट मिळू शकते. मात्र १९८८ च्या वॉरन टाउनशिपच्या निकालानुसार हा फायदा फक्त मालकाचा असून भागत नाही, आजूबाजूच्या वस्तीलाही त्यातून काही मिळायला हवं.

दोन्ही प्रकारांत आणखी एक अट कायम आहे. सूट दिल्याने सार्वजनिक हिताला मोठी बाधा येत नाही आणि झोनच्या आराखड्याला धक्का बसत नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. शेजाऱ्याने विरोध केला नाही म्हणून ही अट आपोआप पूर्ण होत नाही.

एक उदाहरण घेऊ. झोनमध्ये किमान रुंदी ७५ फूट आहे. तुमचा प्लॉट ६० बाय १००, घर आजचा ऑर्डिनन्स येण्याच्या बरंच आधीचं, आणि एका बाजूला मोकळी जागा १० ऐवजी ७ फूट. तुम्हाला खालच्या भिंतींवरच दुसरा मजला चढवायचा आहे. ‘भिंत तर तिथेच आहे, मग परवानगी कशाला?’ असं लोक विचारतात. बऱ्याच टाउनशिप्स सेटबॅकच्या आत नवा मजला चढवणं हे नवं उल्लंघन धरतात, म्हणून. इथे साक्ष अशी द्यावी लागते: प्लॉट १५ फूट कमी रुंद आहे आणि तो आमच्या आधीपासून तसाच आहे. मजला आत घ्यायचा तर खालच्या भिंतींचा आधार सुटतो. मागे वाढवायचं तर जमीन जास्त झाकली जाते आणि मागची जुनी झाडं जातात. शेजारच्या घराकडच्या भिंतीत खिडक्या उंचावर आणि लहान ठेवल्या आहेत, छपराचं पाणी पन्हळीतून आमच्याच अंगणात मुरेल अशी सोय केली आहे. या साक्षीत आई-बाबांचा उल्लेखही नाही, पण त्यांना हवी असलेली खोली यातूनच मिळते.

दुसरं स्वयंपाकघर

हा विषय आपल्या लोकांत इतका येतो की तो वेगळा मांडायला हवा. बेसमेंटमध्ये किंवा तळमजल्यावर आई-बाबांसाठी शेगडी, सिंक, फ्रिज आणि स्वतंत्र दार केलं, की बऱ्याच टाउनशिप्सच्या लेखी एक-कुटुंबी घर दोन-कुटुंबी होतं. एक-कुटुंबी झोनमध्ये तो वापर बदल ठरतो आणि काम थेट ‘डी’ गटात जातं. काही ठिकाणी ऑर्डिनन्समध्येच अटींसह मुभा असते, म्हणून आधी तो वाचावा. घराच्या जाहिरातीत रिअल्टरने ‘मदर-डॉटर’ (आई-वडिलांसाठी वेगळी सोय असलेलं घर) लिहिलं होतं म्हणजे टाउनशिपने तसं मान्य केलंय, असं समजू नका. आमचं स्पष्ट मत आहे की बहुतेक कुटुंबांना दुसरं स्वयंपाकघर लागतच नाही. खाली झोपायची खोली, पूर्ण बाथरूम आणि आतून उघडं राहणारं दार मिळालं तर आई-बाबांची सोय होते, आणि तेवढं काम पुष्कळदा व्हेरिअन्सशिवाय बसतं.

आधी सर्व्हे

अर्जाच्या आधी परवानाधारक सर्व्हेअरचा ताजा सर्व्हे हातात हवा. घर घेताना मिळालेल्या सर्व्हेवर नंतरची शेड, पेव्हर्सचा पॅटिओ, रुंद केलेला ड्राइव्ह-वे नसतो आणि टक्केवारीच्या हिशेबात साधारणपणे हे सगळं धरतात. अंतर कर्बपासून मोजू नका. फुटपाथ आणि त्यापलीकडची हिरवळीची पट्टी सहसा सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीत असते, तुमचा प्लॉट त्याच्या आतून सुरू होतो. टेपने घरी ३२ फूट भरतात आणि सर्व्हेवर २३, हे आम्ही पाहत आलो आहोत. कोपऱ्यावरचं घर असेल तर अनेक ऑर्डिनन्समध्ये दोन्ही रस्त्यांकडची अंगणं ‘समोरची’ धरतात. म्हणून बाजूचं वाटणारं सहा फुटी कुंपणही अडतं.

शेजारचा रिकामा प्लॉट तुमच्याच नावावर असेल आणि दोन्ही नियमापेक्षा लहान असतील, तर झोनिंगसाठी ते एकत्र झालेले असू शकतात. तो विकण्याआधी वकिलाला विचारा.

नोटीस: इथे चूक परवडत नाही

सुनावणीच्या किमान १० दिवस आधी तुमच्या प्लॉटपासून सगळ्या दिशांनी २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला नोटीस पोचवायची असते. प्रत्यक्ष हातात द्या किंवा सर्टिफाइड मेलने पाठवा. मालकांची प्रमाणित यादी टाउनशिपच्या ऑफिसातून मिळते. मागितल्यापासून ७ दिवसांत ती द्यावी लागते, शुल्क नावामागे २५ सेंट किंवा १० डॉलर, जे जास्त असेल ते. या यादीवर तुम्ही विसंबू शकता. तिच्यातच एखादं नाव राहून गेलं तर तेवढ्यावरून सुनावणी रद्द होत नाही. पण यादीतलं नाव तुमच्याकडून सुटलं तर ती जबाबदारी तुमची. २०० फुटांत शेजारच्या टाउनशिपची हद्द येत असेल, किंवा घर काउंटी रोडला किंवा राज्य महामार्गाला लागून असेल, तर त्या त्या कार्यालयालाही नोटीस लागते. शिवाय टाउनशिपच्या अधिकृत माध्यमात जाहीर नोटीस १० दिवस आधी यावी लागते.

नोटिशीत तारीख, वेळ, जागा, पत्ता, ब्लॉक आणि लॉट नंबर, नकाशे कुठे आणि केव्हा पाहता येतील, आणि नेमकं काय मागताय हे साध्या भाषेत हवं. नुसतं ‘अॅडिशनसाठी व्हेरिअन्स’ पुरत नाही. ‘बाजूचा सेटबॅक १० ऐवजी ७ फूट, दुसऱ्या मजल्यासाठी’ असं लिहा. पोस्टाच्या शिक्क्याच्या पावत्या आणि नोटीस दिल्याचं शपथपत्र बोर्ड सेक्रेटरीकडे सुनावणीआधी पोचवा. नोटीस सदोष निघाली तर बोर्डाला प्रकरण ऐकण्याचा अधिकारच राहत नाही. लोक दोन तास बसून घरी परत गेलेले आहेत.

सर्टिफाइड पत्र पोचण्याआधी नकाशा घेऊन दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या शेजाऱ्यांकडे जा. चहा घ्या, खिडक्या कुठे येणार, पाणी कुठे जाणार ते दाखवा. सही करायला लागणारं पत्र आलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस सुनावणीला विरोध करायला येतो. शेजारी अनुकूल असेल तर त्याच्याकडून पत्र लिहून घेण्यापेक्षा त्याला सोबत यायला सांगा. पत्राची उलटतपासणी होऊ शकत नाही, म्हणून बोर्डाचे वकील पत्रं आणि सह्यांचे अर्ज सहसा पुराव्यात घेत नाहीत.

आणि एक कळकळीची विनंती. बोर्डावरचा कोणी ओळखीचा निघाला, लेकाच्या सॉकर टीमचा कोच निघाला, तरी त्याच्याशी अर्जाबद्दल अवाक्षर काढू नका. हे अर्धन्यायिक काम आहे. तसं बोलणं झालं तर त्या सदस्याला प्रकरणातून बाजूला व्हावं लागू शकतं आणि तुमचं एक मत जातं.

सुनावणीची संध्याकाळ

बोर्डात सात सदस्य आणि चारपर्यंत पर्यायी सदस्य असतात. ते गावचेच रहिवासी असतात आणि त्यांना टाउनशिपमध्ये निवडून आलेलं पद धरता येत नाही. १५,००० किंवा कमी लोकवस्तीच्या गावांत हेच काम प्लॅनिंग बोर्डही करू शकतं. तुमचं नाव पुकारलं की शपथ घ्यायची आणि सांगायचं. ध्वनिमुद्रण चालू असतं, म्हणून ‘इथून इथपर्यंत’ असं बोट दाखवून बोलू नका. ‘पूर्वेची भिंत, ७ फूट’ असं म्हणा. त्यानंतर सदस्य, बोर्डाचे इंजिनिअर आणि प्लॅनर विचारतात. मग उपस्थितांना आधी प्रश्न आणि नंतर शपथेवर मत मांडता येतं. विरोधकाशी वाद घालू नका, उत्तर बोर्डाकडे बघून द्या. ‘खिडकी खाली घेतलीत तर?’ असं एखादा सदस्य विचारतो तेव्हा तो पुष्कळदा होकाराची वाट शोधत असतो. बदल मान्य करायची कुठवर तयारी आहे हे घरात आधीच ठरवून या.

घर तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर वकिलाशिवाय उभं राहता येतं. भाड्याचं घर एलएलसीच्या नावावर असेल तर वकील लागतोच. ‘डी’ व्हेरिअन्ससाठी आम्ही नेहमी वकील घ्यायला सांगतो.

‘सी’ व्हेरिअन्सला उपस्थित सदस्यांचं बहुमत पुरतं. ‘डी’साठी पाच होकार लागतात, मग त्या दिवशी सदस्य कितीही आलेले असोत. पाचच आले असतील तर एकाचा नकारही पुरेसा ठरतो. अशा वेळी प्रकरण पुढच्या तारखेला नेण्याची विनंती जरूर करा. तारीख सभेत जाहीर केली तर पुन्हा नोटीस लागत नाही. गैरहजर राहिलेला सदस्य ध्वनिमुद्रण ऐकून तसं लेखी दिल्यावर मत देऊ शकतो.

वेळ आणि पैसा

अर्ज पूर्ण आहे की नाही हे ४५ दिवसांत ठरतं आणि पूर्ण धरल्यापासून १२० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. अर्जाच्या फीशिवाय एस्क्रोमध्ये (अनामत खात्यात) रक्कम ठेवावी लागते. बोर्डाच्या तज्ज्ञांची बिलं त्यातून जातात आणि ती संपली तर आणखी भरावी लागते.

मत झालं म्हणजे लगेच खणायला सुरुवात करायची नाही. लेखी रिझोल्यूशन (बोर्डाचा ठराव) सहसा पुढच्या सभेत, ४५ दिवसांच्या आत येतं. निर्णयाची नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवस कोणालाही सुपिरिअर कोर्टात दाद मागता येते. त्या काळात केलेलं काम तुमच्या जोखमीवर असतं. बांधकाम परमिट आणि होमओनर्स असोसिएशनची मंजुरी ही वेगळी कामं आहेत. रिझोल्यूशनमधल्या अटी आणि मुदत कंत्राटदाराला वाचायला द्या. व्हेरिअन्स जमिनीला मिळतो, म्हणून घर विकलं तरी तो नव्या मालकाकडे जातो. नकार आला तर तीच मागणी जशीच्या तशी पुन्हा करता येत नाही, योजनेत ठोस बदल दाखवावा लागतो.

पहिल्या भेटीला येताना

नकाराचं पत्र, असेल तो सर्व्हे, डीड, चारी बाजूंनी काढलेले फोटो (शेजारच्या घरांसकट), आणि आधीच्या मालकाच्या काळचं एखादं रिझोल्यूशन सापडलं तर तेही घेऊन या. सर्व्हे नसेल तरी या. प्लॉट पाहून आणि ऑर्डिनन्स वाचून व्हेरिअन्स टाळता येतो का, हे आम्ही सगळ्यात आधी बघतो.