तेलाचा लाल दिवा लागला की आधी इंजिन बंद करा

डॅशबोर्डवर दिवे पुष्कळ असतात, पण तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा त्या सगळ्यांहून गंभीर. इंजिनचा पिवळा दिवा लागला तर सावकाश म्हापशाला जाऊन ओळखीच्या मेकॅनिकला दाखवता येतं. हा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जायचाही विचार नको. गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. चोर्ला घाटात असाल, वरून पाऊस कोसळत असेल, तरीही.

एवढी घाई का, हे समजायला इंजिनाच्या पोटात शिरावं लागतं. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, बेरिंगमध्ये फिरतो असं आपण म्हणतो, पण चालू इंजिनात तो बेरिंगला टेकलेलाच नसतो. दोघांमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी अशी फट असते आणि ती तेलाने भरलेली असते. फिरता शाफ्ट तेलाला सोबत ओढतो, निमुळत्या होत जाणाऱ्या जागेत कोंबतो, आणि तिथे तयार झालेल्या दाबावर स्वतःच उचलला जातो. जुलैत हायवेवर साचलेल्या पाण्यावरून वेगात जाणारं टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतं, त्यामागचं भौतिकशास्त्र हेच.

हे लक्षात आलं तेही अपघातानेच. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेरिंगवर प्रयोग करत होते. वरून तेल घालण्यासाठी त्यांनी बेरिंगच्या टोपीला भोक पाडलं, तर आस फिरू लागताच त्यातून तेल वर उसळलं. लाकडी खुंटी ठोकली, ती तेलाने बाहेर ढकलली. शेवटी तिथे दाब मोजणारं गेज बसवलं, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्याही पुढे गेला. १८८६ मध्ये ओझबर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं, आणि आजही बेरिंगची रचना त्याच समीकरणावर होते.

म्हणजे शाफ्टला तोलून धरणारा दाब शाफ्ट स्वतः तयार करतो. ऑइल पंपाचं काम वेगळं, बेरिंगच्या कडांतून सतत गळून जाणाऱ्या तेलाची भरपाई करण्याचं. ती थांबली की थर विरतो आणि धातूला धातू लागतो. ५० मिलिमीटर जाडीचा शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याचा पृष्ठभाग ताशी २८ किलोमीटर वेगाने घासतो. बेरिंगचा मऊ थर वितळून शाफ्टला चिकटायला वेळ लागत नाही. मग चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी, उघडलं की त्यात चकाकणारा चुरा दिसतो आणि खर्च सरळ इंजिनकामावर जातो.

आता जी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते ती. गरम इंजिनात, गाडी उभी असताना तेलाचा दाब साधारण एक बार (जवळपास हवेच्या दाबाइतका) असतो, हायवेवर तीन-चार. दिवा पेटवणारा स्विच मात्र बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.५ बारला लागतो. त्यामुळे ‘दाब कमी होऊ लागलाय’ असं हा दिवा सांगत नाही; दाब जवळजवळ संपल्यावर तो पेटतो.

पंप खरं तर तेल ढकलतो, दाब तयार होतो तो तेलाला वाट अरुंद मिळते म्हणून. फट दुप्पट झाली तर त्यातून आठपट तेल निसटतं, कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. झिजलेल्या बेरिंगचं दुखणं ते हेच. त्यात तेल तापलं की पातळ होतं. ३० ग्रेडचं तेल ४० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की साधारण सहापट. पणजीच्या ट्रॅफिकमध्ये उभं असताना दिवा लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटर दिला की विझतो, तेव्हा संशय झिजेवर किंवा पातळ तेलावर घ्यावा. घाटातल्या वळणावर किंवा चढावर लुकलुकला तर तेल कमी पडून, चेंबरमधून पंप ज्यातून तेल ओढतो ती जाळी उघडी पडत असावी.

म्हणून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून, शक्यतो सपाट जागी डिपस्टिक बघा. पातळी खाली असेल तर योग्य तेल भरा आणि गाडीखाली ओल आहे का तेही बघा. दिवा लगेच विझला तरच पुढे निघा. पातळी बरोबर असेल तर पुन्हा स्टार्ट मारू नका, टोइंग बोलवा.

आपल्याकडे एक कारण हमखास निसटतं. वाड्यावरच्या कच्च्या वाटेवर वर आलेला जांभ्याचा दगड चेंबरला लागतो. पत्र्याचं चेंबर फुटत नाही, आत दबतं. थेंबही गळत नाही, डिपस्टिकवर तेल पूर्ण दिसतं, उलट किंचित जास्तच. पण पंपाची जाळी तळापासून जेमतेम काही मिलिमीटर वर असते. पोचा तिथपर्यंत आला की तोंड बंद होतं आणि वेग वाढताच पंपाला तेल पुरत नाही. म्हणून मेकॅनिकला आधी गाडी उचलून खालून बघायला सांगा.

गॅरेजमध्ये पहिलं काम स्विच काढून त्या जागी दाबाचं गेज लावण्याचं. आकडा कंपनीच्या पुस्तकाशी जुळला तर स्विच खराब, आणि तो स्वस्तात बदलतो. एकच वायर असलेल्या स्विचचं अर्थिंग त्याच्या आट्यांतून होतं, त्यामुळे तिथे टेफ्लॉन टेपचे जाड वेढे देऊ देऊ नका. आकडा खरंच कमी असेल तर क्रम असा: तेल आणि फिल्टर, मग चेंबर उतरवून जाळी, मग पंप आणि त्याचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, शेवटी बेरिंग. गेज न लावताच ‘जाड तेल टाकू, दिवा जाईल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. दिवा जातो हे खरं, पण झीज तशीच राहते, आणि थंड इंजिनात जाड तेल वरच्या भागांपर्यंत पोचायला उशीर लावतं.

एक तपासणी घरच्या घरी होते. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका; दिवा पेटायला हवा आणि स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत वायरचं टोक गंजून तुटतं, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत वायर तुटली की दिवा कधीच पेटत नाही. तसं दिसलं तर लांबच्या प्रवासाआधी ती वायर दुरुस्त करून घ्या.