हर्बल टी चहा आहे का? हे भांडण फार जुनं आहे

आवडता चहा कोणता असं कुठेही विचारा, कोणीतरी कॅमोमाइल नाहीतर पुदिना म्हणणारच, आणि लगेच दुसरा येऊन सांगणार की अहो तो चहा नाही, काढा आहे. झाडाच्या हिशोबाने दुसऱ्याचं बरोबर आहे. ग्रीन, व्हाइट, ऊलाँग, ब्लॅक, पू-अर हे सगळे एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिसचे, पान खुडल्यावर त्याचं काय करता त्यावर सगळा फरक.

पण हे भांडण 8व्या शतकापासून चालू आहे. चीनमध्ये तांग काळात लू यूने चहावर सविस्तर पुस्तक लिहिलं, तेव्हा चहा म्हणजे दाबून केलेली वडी, ती भाजायची, कुटायची आणि मग उकळायची, आणि लोक त्यात कांदा, आलं, बोरं, संत्र्याची साल, पुदिना असं हाताला लागेल ते टाकायचे. लू यू वैतागून म्हणतो की हे गटारातलं पाणी आहे! आणि स्वतः मात्र मीठ घालायचा. लोकांनी अर्थातच त्याचं ऐकलं नाही.

1391 मध्ये मिंग सम्राट होंगवूने दरबाराला वड्या नकोत, सुटी पानं द्या असा हुकूम काढला आणि पान गरम पाण्यात मुरवून प्यायची पद्धत जोरात पसरली. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा जास्मिन टी याच पद्धतीत फुलला. त्यात वरून काही ओतत नाहीत, दुपारी कळ्या खुडतात, रात्री त्या उमलायला लागल्या की ग्रीन टीमध्ये मिसळून ठेवतात, सकाळी फुलं काढून पानं परत सुकवतात, आणि भारी चहा असेल तर हेच पुन्हा पुन्हा. याला भेसळ म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

युरोपात तर वेगळाच गोंधळ. 1762 मध्ये झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियससारख्या माणसाने ग्रीन आणि ब्लॅकची झाडंच वेगळी धरली होती, 1840 च्या दशकात स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ रॉबर्ट फॉर्च्यून चीनमध्ये फिरून आला तेव्हा कळलं की झाड एकच. शिवाय निर्यातीचा ग्रीन टी हिरवागार दिसावा म्हणून त्याला प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग आणि जिप्समची पांढरी पूड चोळतात हेही त्याने पाहिलं, म्हणजे 'शुद्ध' पिणारे नक्की काय पीत होते देव जाणे.

हर्बलवाल्यांना राजकारणानेही हात दिला. 1773 मध्ये बॉस्टनला कराच्या रागातून चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, मग अमेरिकन वसाहतींत बरेच लोक रास्पबेरीची पानं वगैरे उकळून पिऊ लागले आणि त्याला स्वातंत्र्याचा चहा म्हणायला लागले. चवीपेक्षा तत्त्वासाठी पीत असावेत असं मला वाटतं.

रॉयबॉस या झुडपाच्या लाल हर्बल टीची गोष्ट वेगळी. दक्षिण आफ्रिकेतल्या सेडरबर्ग डोंगरांतले लोक हे आधीपासून प्यायचे, 1904 च्या सुमारास बेंजामिन गिन्सबर्गने त्याचा धंदा उभा केला. ती बारीक सुईसारखी पानं कापून, चेचून, ओली करून ढीग लावून ठेवतात तेव्हा लाल होतात, म्हणजे ब्लॅक टीचंच तंत्र जवळपास, फक्त कॅफीन नाही. दक्षिण अमेरिकेतला येर्बा माटे मात्र हर्बलच्या रांगेत असूनही कॅफीनवाला आहे, तिथले मूळचे ग्वारानी लोक तो स्पॅनिश यायच्या आधीपासून पितात, तेव्हा हर्बल म्हणून रात्री झोपताना तो घेऊ नका.