पाटी एकच, शाळा दोन: इंग्लंडमधली स्पॉन्सर्ड अकॅडमी आणि कन्व्हर्टर अकॅडमी

माझी मामेबहीण नवऱ्याच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीपायी इंग्लंडात मिडल्सबरोला राहायला गेली आणि महिनाभरात तिचा फोन आला. मुलगी तिकडच्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात, पुढच्या सप्टेंबरपासून सेकंडरी. "अगं, इथे बघावं तिकडे शाळेच्या नावात अकॅडमी. क्लासेससारख्या खासगी असतात का या? फी किती घेतील?"

तिचं चुकलं नाही. आपल्याकडे अकॅडमी म्हटलं की पोलीस भरतीची, क्रिकेटची, नाहीतर एमपीएससीची. इंग्लंडमधली अकॅडमी ही सरकारी पैशावर चालणारी शाळा आहे. एक पेनीसुद्धा फी नाही. प्रवेशाचे नियम इतर सरकारी शाळांचेच, तपासणीही त्याच ऑफस्टेडची, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेची. फक्त ती स्थानिक कौन्सिलच्या हाताखाली नसते. एक ना-नफा ट्रस्ट ती चालवतो आणि पैसा थेट केंद्राच्या शिक्षण खात्याकडून, ट्रस्टशी केलेल्या कराराप्रमाणे येतो. आपली अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणा: पगार सरकारचा, कारभार संस्थेचा. रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला हे लगेच उमगेल. आज इंग्लंडमधल्या सेकंडरी शाळांपैकी सुमारे ८० टक्के शाळा अकॅडमी आहेत, त्यामुळे त्या टाळून शाळा शोधणं अवघडच.

पण खरी गल्लत पुढेच आहे. अकॅडमी दोन प्रकारची असते आणि बाहेरून दोन्ही एकसारख्या दिसतात. तशीच पाटी, तसाच ब्लेझर. एक स्पॉन्सर्ड, दुसरी कन्व्हर्टर. पहिली म्हणजे रडतखडत चाललेली शाळा बंद करून तिच्या जागी बाहेरच्या प्रायोजकाच्या हाती दिलेली नवी शाळा. दुसरी म्हणजे बरी चाललेली शाळा, जिने स्वतःहून कौन्सिलचा हात सोडला. एकीला सांगितलं गेलं, दुसरीने मागून घेतलं. बाकीचे बहुतेक फरक यातूनच येतात.

स्पॉन्सर्ड अकॅडमी आधी आली. मार्च २००० मध्ये टोनी ब्लेअर सरकारचे शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी 'सिटी अकॅडमी'ची घोषणा केली. योजनेमागचं डोकं मुख्यतः ब्लेअर यांचे सल्लागार अँड्र्यू अडोनिस यांचं. विचार असा की गरीब वस्तीतली जी शाळा वर्षानुवर्षं उभी राहत नाही तिला डागडुजी करून काही होणार नाही. ती बंद करा, नवी इमारत बांधा, नवं नाव द्या, आणि कौन्सिलऐवजी कुणी उद्योजक, चर्च किंवा विद्यापीठ चालवायला पुढे येतंय का बघा. प्रायोजकाने इमारतीच्या खर्चातले २० लाख पौंडांपर्यंत द्यायचे, उरलेले सरकारने. सप्टेंबर २००२ मध्ये पहिल्या तीन उघडल्या. त्यांतली एक नेमकी मिडल्सबरोमध्ये.

हे गाव लोखंडाचं. १८५० च्या सुमारास शेजारच्या टेकड्यांत खनिज सापडलं आणि एका पिढीत छोट्या गावाचं औद्योगिक शहर झालं. सिडनीच्या बंदरावरचा तो प्रसिद्ध पूल बांधला तो इथल्याच डॉर्मन लाँग कंपनीने. मग भट्ट्या एकेक करून विझल्या. शेजारच्या रेडकारचा पोलादाचा कारखाना २०१५ मध्ये बंद पडला. २०१९ च्या सरकारी पाहणीत मिडल्सबरोच्या जवळजवळ निम्म्या वस्त्या देशातल्या सर्वांत गरीब दहा टक्क्यांत मोडत होत्या, आणि हे प्रमाण कुठल्याही कौन्सिलपेक्षा जास्त होतं. गिरण्या गेल्यावरचं गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढे काही सांगायला नको. घरात कामावर जाणारं कुणी नसलं की शाळेत जायचं कशासाठी, हा प्रश्न पोराला पडतोच, आणि शिक्षकाकडे त्याचं सोपं उत्तर नसतं.

तर या गावाच्या पूर्व भागातल्या दोन शाळा बंद झाल्या आणि त्यांच्या जागी युनिटी सिटी अकॅडमी उभी राहिली. प्रायोजक होती अॅमी ही कंपनी. नवी कोरी इमारत, नवं नाव. २००५ साली ऑफस्टेडने तिला नापास केलं. शाळा सुधारावी म्हणून जी शाळा काढली तीच तीन वर्षांत 'स्पेशल मेजर्स'मध्ये गेली, म्हणजे सर्वांत वाईट शेऱ्याच्या यादीत. पुढे ती दुसऱ्या ट्रस्टकडे गेली.

याच्या शेजारी लंडनच्या हॅकनीमधली मॉसबोर्न ठेवा, कारण स्पॉन्सर्ड अकॅडमीच्या बाजूने बोलणारा माणूस आधी तिचंच नाव घेतो. १९९५ मध्ये बंद केलेल्या हॅकनी डाउन्स शाळेच्या जागेवर ती २००४ मध्ये उघडली. मुख्याध्यापक मायकल विल्शॉ, जे पुढे ऑफस्टेडचे प्रमुख झाले. २००९ मध्ये पहिली तुकडी जीसीएसईला, म्हणजे तिथल्या सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेला, बसली आणि निकाल देशभर गाजला. तो निकाल खरा होता, त्या मुलांची मेहनतही खरी होती. पण ही शाळा सुरू कशी झाली ते पाहा. जुनी शाळा बंद होऊन नऊ वर्षं लोटली होती. मॉसबोर्नने पहिल्या वर्षी फक्त अकरा वर्षांची मुलं घेतली आणि दरवर्षी एक वर्ग वाढवत नेला. म्हणजे विल्शॉंना शिस्त पहिल्या दिवसापासून, एकाच वयाच्या मुलांवर बसवता आली. युनिटीला पहिल्या दिवशी काय मिळालं? दोन बंद पडलेल्या शाळांमधली सगळ्या इयत्तांची मुलं, त्यांच्यातली जुनी भांडणं, आणि आपली शाळा आपल्याला न विचारता मोडली हा राग, सगळं एकदम एका छताखाली. दोन्ही स्पॉन्सर्डच. पण एक रिकाम्या पाटीवर लिहीत होती आणि दुसरी पुसलेल्या पाटीवर. एकीच्या यशावरून दुसरीचं भाकीत करू नये असं मला मनापासून वाटतं, आणि वीस वर्षं मंत्री नेमकं तेच करत आलेत.

प्रायोजक कोण यालाही तितकंच महत्त्व. मिडल्सबरोमध्येच २००३ साली दोन शाळांच्या जागी किंग्ज अकॅडमी आली. तिचे प्रायोजक मोटारविक्रीतून मोठे झालेले पीटर वार्डी आणि त्यांची ख्रिस्ती संस्था. पुढच्याच वर्षी त्याच संस्थेला डॉनकॅस्टरजवळच्या कॉनिसब्रोतली नॉर्थक्लिफ शाळा देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा पालक रस्त्यावर उतरले आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जमध्ये २०११ साली तीन शाळांच्या जागी दोन अकॅडमी झाल्या, तिथे मुख्य प्रायोजक ब्रायटन विद्यापीठ होतं आणि सोबत बीटी ही टेलिफोन कंपनी आणि काउंटी कौन्सिलसुद्धा. म्हणजे शाळा कौन्सिलकडून काढायची आणि कौन्सिलने सहप्रायोजक म्हणून पुन्हा आत यायचं, असंही होत होतं.

आता कन्व्हर्टर. २०१० च्या मे महिन्यात सरकार बदललं तेव्हा देशात २०३ अकॅडमी होत्या. नवे शिक्षणमंत्री मायकल गोव्ह यांनी जुलैच्या अखेरीला अकॅडमीज अॅक्ट मंजूर करून घेतला आणि योजनेचं तोंडच फिरवलं. ऑफस्टेडचा 'आउटस्टँडिंग' शेरा असलेल्या शाळांना सांगितलं, हवं तर तुम्हीही अकॅडमी व्हा. इथे प्रायोजक नाही, शाळा बंद नाही, मुख्याध्यापक तेच, बहुधा नावही तेच. शाळेच्या गव्हर्नरांनी, म्हणजे व्यवस्थापन समितीने, ठराव करायचा, पालक-शिक्षकांशी चर्चा करायची, अर्ज पाठवायचा. ओढ मुख्यतः पैशाची होती, आणि यात लपवण्यासारखं काही नव्हतं: कौन्सिल काही मध्यवर्ती सेवांसाठी शाळेच्या वाट्यातला जो भाग राखून ठेवायची तो आता थेट हातात येणार होता. हलाखीतल्या शाळांसाठी काढलेलं औषध निरोगी शाळांनी टॉनिक म्हणून घ्यायला सुरुवात केली. थोड्याच वर्षांत कन्व्हर्टरची संख्या स्पॉन्सर्डच्या कितीतरी पुढे गेली.

कागदोपत्री फरक कुठे दिसतो हे एका बाबीवरून छान कळतं: शाळेच्या डोक्यावरचं कर्ज. कन्व्हर्टर झालेली शाळा आपली तूट सोबत घेऊन जाते आणि फेडते. स्पॉन्सर्डमध्ये मात्र बंद झालेल्या शाळेची तूट कौन्सिलच्या गळ्यात राहते. शाळा गेली, जमीन १२५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने नाममात्र भाड्यावर ट्रस्टकडे गेली, आणि उधारी तेवढी गावाकडे उरली. गरीब गावातल्या कौन्सिलला हे किती जड जात असेल याचा विचार करावा, कारण तीच तिजोरी त्या मुलांच्या म्हाताऱ्या आजीआजोबांच्या देखभालीलाही पुरवायची असते.

दुसरी बाब पालकांच्या जास्त कामाची. कन्व्हर्टर शाळेचा आधीचा ऑफस्टेडचा शेरा तिच्यासोबत येतो. स्पॉन्सर्ड अकॅडमी मात्र नवी शाळा धरली जाते. जुना शेरा मागे राहतो आणि पहिली तपासणी साधारणपणे तिसऱ्या वर्षी होते. तोवर संकेतस्थळावर शेऱ्याची जागा कोरी असते. कोरी म्हणजे चांगलीही नव्हे आणि वाईटही नव्हे. कुणी पाहिलेलं नाही, एवढाच तिचा अर्थ.

२०१६ च्या कायद्याने दोघींमधली दरी आणखी रुंद केली. ऑफस्टेडने 'इनॅडिक्वेट' म्हटलं की कौन्सिलच्या शाळेला अकॅडमी व्हावंच लागेल, आणि ते व्हावं की नाही याची पालकांशी चर्चा करण्याचं बंधनही उरलं नाही. प्रायोजकाने पैसे घालण्याची अट तर २००९ मध्येच गेली होती. डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या विधेयकात मजूर पक्षाच्या सरकारने ही सक्ती काढायचा प्रस्ताव आणला. कॉनिसब्रोसारखं आंदोलन २०१६ नंतर झालं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग यातून मुलांचं भलं झालं का? इथे दोन प्रकार वेगळे ठेवले नाहीत तर उत्तरच चुकतं. २०१० आधीच्या मजूर सरकारच्या काळातल्या स्पॉन्सर्ड सेकंडरी अकॅडमींमध्ये निकाल इतर तशाच शाळांपेक्षा जास्त वेगाने सुधारले, हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे स्टीव्हन माचिन आणि सहकाऱ्यांनी अभ्यासातून दाखवलं, आणि मी ते मानते. त्यांनीच हेही नोंदवलं की नव्या नावानंतर त्या शाळांमध्ये अभ्यासात पुढे असलेली मुलं जास्त येऊ लागली. शिवाय त्या काळी निकालाच्या तक्त्यात एक जीएनव्हीक्यू, म्हणजे एक व्यावसायिक परीक्षा, चार जीसीएसईच्या बरोबरीची धरत. काही शाळांचे आकडे त्यावरच फुगले. अॅलिसन वुल्फ यांच्या २०११ च्या अहवालानंतर ती सोय आवरली गेली. पोराच्या हातात असा कागद यायचा जो तक्त्यात चार विषयांचा होता आणि नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर एकाचाही नव्हता. यात फसलं ते पोर, तक्ता नव्हे.

कन्व्हर्टरची गोष्ट उलटी. त्या आधीच चांगल्या होत्या. 'अकॅडमींचे निकाल सरासरीपेक्षा चांगले' असं वाक्य ऐकलं की विचारावं, कुठल्या अकॅडमी? कन्व्हर्टरचं जुनं यश आणि स्पॉन्सर्डची नवी पाटी एका टोपलीत टाकली की सरासरी सुंदर दिसते, पण मिडल्सबरोच्या पालकाला तिचा काही उपयोग नाही. जानेवारी २०१५ मध्ये संसदेच्या शिक्षण समितीनेही सांगितलं की अकॅडमी झाल्यानेच एकूण दर्जा वाढतो असं हाती असलेल्या पुराव्यावरून म्हणता येत नाही.

आणि आता तर सीमारेषाही धूसर झाली आहे. कन्व्हर्टर शाळा एखाद्या मोठ्या ट्रस्टमध्ये गेली की तिचं स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व संपतं. शिक्षकांचा मालक ट्रस्ट, आणि शाळेची स्थानिक समिती ट्रस्ट देईल तेवढ्याच अधिकाराची. तिथून स्वतःच्या मर्जीने बाहेर पडता येत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये वेकफिल्ड सिटी अकॅडमीज ट्रस्टने हात वर केले तेव्हा एकदम २१ शाळांना नवा ट्रस्ट शोधावा लागला. आणि आजचे प्रायोजक कोण? बहुतेक मोठे अकॅडमी ट्रस्टच, त्यांतले कित्येक एका कन्व्हर्टर शाळेपासून वाढलेले. कालची मागून घेणारी शाळा आज शेजारणीची पालक झाली आहे.

बहिणीला मी एवढंच सांगितलं की सरकारची शाळांची नोंदवही ऑनलाइन आहे, त्यात प्रत्येक शाळेच्या पानावर 'प्रकार' म्हणून एक ओळ असते. 'अकॅडमी स्पॉन्सर लेड' किंवा 'अकॅडमी कन्व्हर्टर'. त्याखाली उघडल्याची तारीख, आणि जोडण्यांच्या भागात आधीच्या बंद शाळेचं नाव. ते नाव घेऊन जुना अहवाल काढायचा. शाळेचा हा कितवा ट्रस्ट ते बघायचं, गेल्या पाच वर्षांत मुख्याध्यापक किती झाले ते भेटीच्या दिवशी थेट विचारायचं. स्पॉन्सर्ड दिसली म्हणून यादीतून काढायची नाही.

तिने ते पान फोनवरच उघडलं आणि ओळ वाचून दाखवली. मग म्हणाली, "म्हणजे जिच्या गेटवरून आम्ही रोज जातो ती दुसऱ्या शाळेच्या जागी आली आहे. समोरच्या आजी अजून तिला जुन्याच नावाने हाक मारतात, मला वाटायचं त्या विसरल्या." अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर होती. त्या आठवड्यात ती आजींकडे चहाला गेली.