आमदारकी (महाराष्ट्र)

राज्य विधिमंडळाचे सदस्यपद आणि त्याभोवती उभी राहणारी राजकीय कारकीर्द. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य या दोघांनाही बोलीभाषेत आमदारच म्हणतात. गावच्या चौकातले फ्लेक्स मात्र वेगळी वर्गवारी करतात : भावी, विद्यमान आणि माजी. त्यांतला ‘भावी’ सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो.

विधानसभेसाठी वयाची पंचविशी, परिषदेसाठी तिशी पूर्ण असावी लागते. शिक्षणाची अट नाही. अनेकांची वाट ग्रामपंचायत, विकास सोसायटी, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी वर चढते. पश्चिम महाराष्ट्रात तिला साखर कारखाना, दूध संघ किंवा जिल्हा बँकेचा फाटा फुटतो. तासगावचे आर. आर. पाटील १९७९ साली जिल्हा परिषदेवर गेले आणि १९९० साली विधानसभेत पोहोचले. मधली अकरा वर्षे ही या वाटेची खरी लांबी. घरात आधीपासून आमदारकी असली की ती बरीच आखूड होते.

राज्यघटनेच्या दृष्टीने आमदाराचे काम कायदे करणे, अर्थसंकल्प मंजूर करणे आणि सरकारला जाब विचारणे. त्यासाठी वर्षाला तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी व पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. जाब विचारण्याचे मुख्य हत्यार तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. त्याचा साचा ठरलेला असतो : अमुक ठिकाणच्या बंधाऱ्याचे काम निकृष्ट झाले हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? शासनाचे उत्तरही तितकेच साच्यातले, ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. खरी लढाई त्यापुढच्या उपप्रश्नांत असते. मंत्र्याला कागद बाजूला ठेवून बोलायला लावणे ही जुन्या आमदारांची कला. याखेरीज तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा म्हणणारी कपात सूचना आहेतच. आपली लक्षवेधी कामकाजात लागली की आमदार मतदारसंघात फोन करून ते आधी कळवतो.

मतदार मात्र मोजमाप निराळ्या मापाने करतात. सकाळी आमदाराच्या घरापुढे माणसे प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन उभी असतात. कुणाच्या शिवारातली डीपी जळालेली असते, कुणाची सून दुसऱ्या जिल्ह्यात शिक्षिका असते, कुणाला मुंबईच्या दवाखान्यात खाट हवी असते. पीए लेटरहेडवर शिफारस टाइप करतो, आमदार उभ्याउभ्या सही करतो आणि एखादा फोन स्पीकरवर लावतो, म्हणजे समोरच्याला साहेबांचा आवाज ऐकू येतो. मग लग्ने, दहावे, सांत्वनाच्या भेटी. विधेयकावरचे भाषण चुकले तर कुणी विचारत नाही. दहाव्याला न आलेला आमदार पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात राहतो. स्थानिक विकास निधीतून सभामंडप, रस्ते, व्यायामशाळा होतात; त्यातही आमदार कामे सुचवतो, मंजुरी आणि पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. कोनशिलेवर नाव अर्थातच आमदाराचे.

ही दोन्ही मापे एकाच माणसाने पेलल्याचे ठळक उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) तिकिटावर ते १९६२ साली प्रथम निवडून आले आणि २०१४ पर्यंत एकूण अकरा वेळा जिंकले. १९७२ साली ते हरले, पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले. १९९५ चा पराभव शहाजीबापू पाटील यांच्याकडून, अवघ्या १९२ मतांनी. मंत्रिपद त्यांना दोनदाच मिळाले, १९७८ आणि १९९९ साली, आणि दोन्ही वेळा थोड्या काळापुरते. बाकी सारी वर्षे बहुतेक विरोधी बाकांवर, तीही आकसत गेलेल्या पक्षाच्या. सत्तेशिवाय कामे होत नाहीत, म्हणून पक्ष बदलावा लागतो, हे आमदारांचे नेहमीचे समर्थन. सांगोल्याचा हिशेब त्यात बसत नाही. या दुष्काळी तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह आटपाडीच्या पाणी परिषदांतून त्यांनी कृष्णेच्या पाण्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असते. त्यावर खरोखर बसणारे आमदार म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवत.

सभागृहातल्या कामातून राज्यभर पोहोचलेल्या गोष्टीही आहेत. रोजगार हमी योजनेची कल्पना परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची; तिचा पहिला प्रयोग १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात झाला आणि १९७७ साली कायदा झाला. विधेयक मांडून, वाद घालून उभ्या राहिलेल्या अशा कामाची आठवण मतपेटीत क्वचितच दिसते.

मंत्रिपदाची आस मात्र बहुतेकांना असते. २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळ विधानसभेच्या पंधरा टक्क्यांपुरते, म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३ जणांपुरते बांधले. उरलेल्यांची समजूत महामंडळे आणि समित्यांवर काढली जाते. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, तरी २०२२ साली शिवसेनेचे आमदार गटाने सुरत आणि तिथून गुवाहाटीला गेले. तिथल्या मुक्कामातला ‘काय झाडी, काय डोंगार’ हा गाजलेला फोन शहाजीबापूंचाच. त्याआधी २०१९ साली गणपतराव उभे राहिले नव्हते. त्यांचे नातू अनिकेत हजाराच्या आत मतांनी हरले आणि सांगोल्याची जागा शहाजीबापूंकडे गेली होती.

पुन्हा निवडून न आलेला आमदार ‘माजी’ होतो, त्याला निवृत्तिवेतन सुरू होते. गावात त्याला पुढेही ‘आमदार’ अशीच हाक मारतात. गणपतराव जुलै २०२१ मध्ये गेले. २०२४ साली त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवून ती जागा शेकापकडे परत आणली.