पार्श्वभूमी : उत्तर लंडनचे दोन क्लब आणि वाढत्या कमाईचा हिशेब

युरोपातल्या श्रीमंत फुटबॉल क्लबांची यादी दरवर्षी जाहीर होते आणि कोण कोणाच्या पुढे गेले यावर चर्चा रंगते. २०२३-२४ च्या हंगामात रेआल माद्रिदने १०० कोटी युरोंचा टप्पा ओलांडला, तेव्हा बातमी त्या एका आकड्याचीच झाली. पण कमाई कशामुळे वाढली आणि ती पुढच्या वर्षी टिकणार का, हे यादीवरून कळत नाही. ते समजून घ्यायचे तर आर्सेनल आणि टॉटनहॅम ही जोडी पाहावी. शहर एक, वैर शंभर वर्षांचे, लीग तीच, टीव्हीचा करारही तोच. एकाने २००६ मध्ये नवे स्टेडियम उभारले, दुसऱ्याने २०१९ मध्ये.

जुना इतिहास थोडक्यात असा. १९८३ पर्यंत इंग्लंडमध्ये यजमान क्लबला गेटवरच्या पैशातला वाटा पाहुण्या संघालाही द्यावा लागे. त्या वर्षी मोठ्या क्लबांनी ही प्रथा मोडून घेतली. घरच्या सामन्याचे सगळे पैसे घरच्या क्लबचे, असे ठरले. आज टीव्हीच्या करारांचा गवगवा होतो, पण क्लबाक्लबांतली दरी रुंदावायला सुरुवात झाली ती इथून. टॉटनहॅम शेअर बाजारात उतरला तोही १९८३ मध्येच. पुढे १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरीची दुर्घटना घडली, उभ्याने सामना पाहायच्या पायऱ्या काढून सगळीकडे खुर्च्या बसवणे बंधनकारक झाले आणि जुन्या मैदानांची क्षमता घटली.

१९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या पैशातला अर्धा भाग सर्वांना समान, पाव भाग क्रमवारीनुसार आणि पाव भाग किती सामने थेट दाखवले त्यानुसार, असे सूत्र ठरले. स्पेनमध्ये मात्र २०१५ चा सरकारी आदेश येईपर्यंत क्लब आपापले हक्क स्वतंत्रपणे विकत होते आणि वरचे दोन क्लब त्यातला मोठा घास घेत होते. इंग्लंडमध्ये टीव्हीच्या जोरावर शेजाऱ्याला फार मागे टाकता येत नाही. पुढे जायचे तर मैदान, प्रायोजक आणि युरोपातल्या स्पर्धा, एवढेच मार्ग उरतात.

आर्सेनलने मैदानाचा मार्ग धरला. हायबरी या त्यांच्या जुन्या मैदानात ३८ हजारांच्या आसपास प्रेक्षक बसत. चहूबाजूंनी घरे असल्याने वाढायला जागा नव्हती. तिथून हाकेच्या अंतरावर ३९ कोटी पौंड खर्चून ६० हजारांचे एमिरेट्स स्टेडियम उभे राहिले. सामन्याच्या दिवसांची वर्षाची कमाई हायबरीतल्या शेवटच्या हंगामात साधारण ४.४ कोटी पौंड होती. पुढच्याच हंगामात ती ९ कोटींवर गेली, म्हणजे दुपटीहून जास्त. प्रेक्षक मात्र दुप्पट झाले नव्हते. फरक पडला तो मधल्या मजल्यामुळे. तिथे सुमारे सात हजार गुबगुबीत खुर्च्या, त्यांच्यामागे बार आणि जेवणाची सोय, शिवाय दीडशे खासगी बॉक्स. वरच्या मजल्यावर कुडकुडत घसा कोरडा करणाऱ्यापेक्षा या मजल्यावरचा माणूस क्लबला कितीतरी पट अधिक देतो. नव्या स्टेडियमचे अर्थकारण त्याच्यावरच उभे आहे.

या पैशाची किंमतही मोजावी लागली. बांधकामासाठी रोकड हवी म्हणून २००४ मध्ये स्टेडियमचे नाव १५ वर्षांसाठी आणि शर्टावरच्या जाहिरातीची जागा आठ वर्षांसाठी मिळून एमिरेट्स या विमान कंपनीला १० कोटी पौंडांना देऊन टाकली. तेव्हा ही रक्कम डोळे दिपवणारी होती. पण पुढच्या काही वर्षांत शर्टाचे भाव चढत गेले आणि आर्सेनलचे हात बांधलेले राहिले. मँचेस्टर युनायटेड त्या काळात देशोदेशी वेगवेगळे प्रायोजक गाठत होता. २०१३ मध्ये एका भारतीय टायर कंपनीशीही त्यांचा करार झाला. २००९-१० मध्ये युनायटेडची व्यापारी कमाई आर्सेनलच्या जवळजवळ दुप्पट होती. गेटवर कमावलेली आघाडी प्रायोजकांच्या रकान्यात निसटत होती.

याच वर्षाच्या ताळेबंदाने सगळ्यात मोठा गोंधळ घातला. २००९-१० मध्ये आर्सेनल समूहाची उलाढाल सुमारे ३८ कोटी पौंड दाखवली गेली. क्लब एकदम गब्बर झाल्यासारखे वाटले. पण त्यातले १५ कोटींहून अधिक पौंड घरविक्रीचे होते. हायबरी पूर्णपणे पाडून टाकले नव्हते. पूर्वेकडच्या स्टँडचा संरक्षित दर्शनी भाग तसाच ठेवून आत सदनिका बांधल्या आणि जिथे सामने होत त्या हिरवळीच्या जागी रहिवाशांची बाग केली. या सदनिकांचे पैसे हिशेबाच्या नियमांनुसार उलाढालीत धरले गेले. त्यात लपवाछपवी काहीच नव्हती, फुटबॉल आणि मालमत्ता असे वेगळे रकाने ताळेबंदात होतेच. तरी मथळ्यांत एकच आकडा फिरला आणि चाहते विचारू लागले, एवढे पैसे आहेत तर खेळाडू का घेत नाही? घर विकून आलेल्या पैशाला कोणी पगारवाढ म्हणत नाही. फुटबॉलची कमाई २२ कोटींच्या आसपासच होती, आणि प्रतिस्पर्ध्यांशी तुलना करायची ती त्या आकड्याची.

या विषयाला नवे वळण दिले पश्चिम लंडनच्या चेल्सीने. स्टॅमफर्ड ब्रिज आजही ४० हजारांच्या आसपास अडकलेले आहे. २०२२-२३ मध्ये चेल्सीने मैदानालगतची आपली दोन हॉटेले ७.६५ कोटी पौंडांना विकली. घेणारी कंपनी त्याच मालकांची. पुढच्या वर्षी महिला संघही अशाच पद्धतीने समूहातल्या कंपनीकडे गेला. ही रक्कम उलाढालीत येत नाही, मालमत्ता विकून झालेला नफा म्हणून ती खाली येते. पण तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांहून जास्त तोटा चालत नाही या प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमाच्या हिशेबात ती उपयोगी पडली. प्रीमियर लीगने हॉटेलांचा व्यवहार मान्य केला. ही पळवाट बंद करण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये मतदानाला आला, पण त्याला लागणारी १४ मते मिळाली नाहीत. युरोपच्या नियामक संस्थेने मात्र असले उत्पन्न धरायला नकार दिला आणि २०२५ मध्ये चेल्सीला कोट्यवधी युरोंचा दंड झाला. एकच व्यवहार एका नियमावलीत चालतो आणि दुसरीत चालत नाही. बार्सिलोनाने टीव्ही हक्कांचा हिस्सा २५ वर्षांसाठी विकून दाखवलेल्या नफ्यावरूनही २०२३ मध्ये असाच आक्षेप आला होता.

हायबरी आणि हॉटेले यांना एका मापाने मोजणे योग्य नाही. हायबरीच्या सदनिका बाहेरच्या लोकांनी बाजारभावाने घेतल्या. हॉटेलांच्या व्यवहारात दोन्ही बाजूंना एकच खिसा होता. पण दोन्ही पैसे एकदाच येणारे आहेत, आणि कमाईच्या वाढीत त्यांना स्थान देऊ नये.

परत परत येणारा पैसा कसा उभा करायचा, ते टॉटनहॅमने दाखवले. जुन्या व्हाइट हार्ट लेनमध्ये ३६ हजार लोक बसत. एप्रिल २०१९ मध्ये त्याच जागेवर ६२ हजारांहून जास्त क्षमतेचे स्टेडियम खुले झाले. तिथली हिरवळ तीन तुकड्यांत विभागून दक्षिणेच्या स्टँडखाली सरकवता येते आणि खालचे कृत्रिम मैदान अमेरिकन फुटबॉलसाठी मोकळे होते. अमेरिकन फुटबॉलच्या लीगशी दहा वर्षांचा करार आधीच झाला होता. फुटबॉलचे गवत तुडवले न गेल्याने मैफलीही भरवता येतात. २०१८-१९ मध्ये, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेतल्या अंतिम फेरीच्या बळावर, टॉटनहॅमने कमाईत आर्सेनलला मागे टाकले. २०२२-२३ मध्ये टॉटनहॅमचा आकडा ५५ कोटी पौंडांच्या घरात होता, आर्सेनलचा ४६ कोटींच्या पुढेमागे.

आणि एका हंगामात चित्र उलटले. सहा वर्षे बाहेर राहिलेला आर्सेनल २०२३-२४ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये परतला आणि ६१ कोटींवर पोचला. टॉटनहॅम त्या वर्षी युरोपात कुठेच नव्हता, तो ५३ कोटींपर्यंत घसरला. स्टेडियम कितीही देखणे असले तरी आत संघ कसा खेळतो याला पर्याय नाही.

परदेशात सामने दाखवण्याच्या हक्कांचा पैसाही फुगत गेला आहे. इंग्लंडात दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे संध्याकाळी पाच-सहाला, चहाच्या वेळी दिसतो. यात आशियातल्या प्रेक्षकाची सोय मोठी आहे. मैदानात येणाऱ्या चाहत्याच्या वाट्याला मात्र महाग तिकिटे आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या हजारो चाहत्यांनी ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध बरोबर ७७ व्या मिनिटाला स्टेडियम सोडले. संघ २-० ने पुढे होता, सामना २-२ सुटला. काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली, आणि पुढच्याच महिन्यात लीगने पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली. कमाई वाढवण्याच्या चर्चेत हा प्रसंग क्वचित येतो, खरे तर तो आधी यायला हवा.

आता नियमही बदलत आहेत. २०२६-२७ पासून प्रीमियर लीगमध्ये संघावरचा खर्च कमाईच्या ८५ टक्क्यांपर्यंतच करता येईल. युरोपातल्या स्पर्धांसाठी ही मर्यादा ७० टक्के आहे. त्यामुळे कमाईत काय धरायचे यावरचा वाद थेट खेळाडूंच्या पगारापर्यंत जाऊन भिडणार आहे.