उंचीघट, वार्धक्यातील

वाढत्या वयाबरोबर उभ्या माणसाची उंची हळूहळू कमी होणे, यास वार्धक्यातील उंचीघट म्हणतात. तिचा आरंभ सामान्यतः चाळिशीच्या सुमारास मानला जातो. काही अभ्यासक तो तिशीपर्यंत मागे नेतात. मांड्या व पाय यांची लांब हाडे आखूड होत नाहीत. घट मुख्यतः पाठीच्या कण्यात होते.

कण्यात 24 सुटे मणके व मणक्यांमधील मऊ गादीसारख्या 23 चकत्या असून कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा चकत्यांचा असतो. चकतीच्या गाभ्यात तरुणपणी 80 टक्क्यांहून अधिक असलेले पाणी उतारवयात 70 टक्क्यांच्या आसपास येते. दिवसभराच्या भारामुळेही त्यातील काही पाणी बाहेर ढकलले जाते, सायंकाळी उंची 1 ते 2 सेंमी. कमी भरते आणि रात्री आडवे झाल्यावर ती भरून येते. म्हणून उंची दरवेळी एकाच सुमारास, अनवाणी व भिंतीला टाचा टेकवून मोजावी.

घटीच्या प्रमाणाविषयी मतभेद आहेत. तरुण व वृद्ध यांना एकाच वेळी मोजून काढलेली घट फुगलेली असण्याचा संभव असतो, कारण वृद्धांची पिढी बालपणीच्या अपुऱ्या अन्नामुळे मुळातच ठेंगणी असू शकते. माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यात 1972 च्या दुष्काळात वाढीच्या वयात असलेल्यांची उंची त्यांच्या नातवंडांशी ताडून घट काढणे योग्य ठरणार नाही. त्याच व्यक्तींना वर्षानुवर्षे मोजणारे अभ्यास अधिक ग्राह्य वाटतात. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील अशा अभ्यासात 30 ते 70 या वयात पुरुषांची सरासरी 3 व स्त्रियांची 5 सेंमी. उंची घटली, ऐंशीपर्यंत हे आकडे अनुक्रमे 5 व 8 झाले.

याहून जलद घट झाल्यास मणका दबल्याची (मणकेभंगाची) शंका घ्यावी. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने हाडे ठिसूळ होतात आणि मणक्याची पुढची बाजू खचून पाठीला पोक येते. भांगलणीहून परतताना वैरणीचा भारा उचलला की पाठीत कळ निघते, चार दिवस मलम चोळून ती कंबरदुखीच्या खाती जमा होते आणि पुढे नेहमीचे लुगडे पायांत येऊ लागते. असे सुमारे दोन-तृतीयांश मणकेभंग निदानाविनाच राहतात. तरुणपणीच्या उंचीत 4 सेंमी. किंवा आधीच्या नोंदीच्या तुलनेत 2 सेंमी. घट आढळल्यास कण्याचे क्ष-किरण चित्र काढून घेणे इष्ट. पोक येण्यामागे कण्याचा क्षयरोगही असू शकतो, आणि त्याचे उपचार सर्वस्वी वेगळे असतात.

कण्याच्या व्यायामांत सातारा जिल्ह्यातील औंधचा उल्लेख आवश्यक आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी सूर्यनमस्कारांचा शाळांतून नेटाने प्रसार केला. या व्यायामाचा उगम वादग्रस्त आहे. परंपरा तो समर्थ रामदासांशी जोडते. तथापि हठयोगाच्या मध्ययुगीन ग्रंथांत आजचा क्रम आढळत नाही, त्यामुळे तालमींतील दंड व नमस्कार यांतून तो घडला असावा, हे मत अधिक संभवनीय दिसते. कण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, या क्रमात पुढे वाकणे व मागे वाकणे आलटून पालटून येते. निरोगी कण्यास ते हितावह आहे. हाडे ठिसूळ झालेल्यांना मात्र पुढे खोल वाकणे अपायकारक ठरू शकते. 1984 च्या एका लहान अमेरिकी अभ्यासात अशा स्त्रियांपैकी मागे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या 16 टक्के, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या 89 टक्के जणींत नवे मणकेभंग आढळले. अशांनी पश्चिमोत्तानासन टाळून वैद्याच्या सल्ल्याने सौम्य भुजंगासन करावे, तसेच घागर किंवा बुट्टी कमरेत न वाकता, गुडघ्यांत वाकून उचलावी.

आहारात कॅल्शियम, प्रथिने व ड जीवनसत्त्व पुरेसे हवे. पाटण, जावळी व महाबळेश्वर भागांत पिकणाऱ्या नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिग्रॅ. कॅल्शियम असते. धूम्रपानाने व दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइड औषधांनी हाडांची झीज वाढते. परंतु वैद्यास न विचारता ही औषधे एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.