मल्टिग्रेन रॅप आणि होल व्हीट रॅप: घरच्या पिझ्झ्यासाठी कोणता घ्यावा?

घरी पिझ्झा करताना मैद्याच्या जाड बेसऐवजी तयार रॅप, म्हणजे पाकिटात मिळणारी पातळ पोळी, वापरण्याची पद्धत आता सोलापुरातही बऱ्याच घरांत रुळली आहे. पीठ भिजवून फुगवत ठेवण्याचा खटाटोप वाचतो, ओव्हन नसला तरी तव्यावर भागते आणि मुलांची भूक अनावर होण्याआधी ताट समोर येते. अडचण असते ती दुकानातल्या फळीपाशी. एका पाकिटावर 'मल्टिग्रेन' लिहिलेले असते आणि शेजारच्या पाकिटावर 'होल व्हीट'. दोन्हींचा रंग तपकिरी, दोन्हींवर गव्हाच्या ओंब्यांचे चित्र. एकापेक्षा अनेक धान्ये केव्हाही बरी, अशा समजुतीने बहुतेकांचा हात मल्टिग्रेनकडे जातो. वास्तविक पिठात किती प्रकारची धान्ये आहेत एवढेच मल्टिग्रेन हा शब्द सांगतो, तर धान्याचा दाणा किती शाबूत राहिला आहे हे होल ग्रेन किंवा होल व्हीट या शब्दांवरून कळते, आणि पिझ्झा थोडा पौष्टिक व्हावा असे वाटत असेल तर यांपैकी दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

गव्हाच्या दाण्याचे ढोबळ मानाने तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, एका टोकाशी असलेला अंकुर आणि आतला पिठूळ गर. वजनाने पाहिले तर ८० टक्क्यांहून जास्त वाटा गराचा असतो, कोंडा साधारण १४ टक्के भरतो आणि अंकुर जेमतेम अडीच-तीन टक्के. मैदा म्हणजे यांतला केवळ गर. तंतू (फायबर), लोह, जस्त आणि ब गटातली बरीचशी जीवनसत्त्वे मात्र कोंड्यात आणि अंकुरात असल्याने मैदा करताना तीच बाजूला पडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नपदार्थांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम गव्हाच्या आट्यात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, आणि मैद्यात तीन ग्रॅमही नसतात. म्हणजे एकट्या गव्हाचा, पण अख्ख्या दाण्याचा रॅप हा मैद्यात चिमूटभर नाचणी, ओट्स आणि जवस मिसळून केलेल्या मल्टिग्रेन रॅपपेक्षा कितीतरी सरस ठरतो. अर्थात मल्टिग्रेन म्हटले की फसवणूकच, असे नाही. सगळी धान्ये अख्खी असतील तर तो रॅप मल्टिग्रेनही असतो आणि होल ग्रेनही. फक्त पाकिटाच्या दर्शनी बाजूवरून ते ओळखता येत नाही.

ते ओळखायचे पाकीट उलटे करून. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिले नाव सर्वांत महत्त्वाचे. तिथे 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' असेल तर ठीक; 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' किंवा 'मैदा' असेल तर पुढे कितीही धान्यांची मांदियाळी असली तरी तो मैद्याचाच रॅप. ज्या घटकाचा पाकिटावर ठळक उल्लेख केलेला असतो त्याची टक्केवारीही यादीत द्यावी लागते, म्हणून 'ज्वारी रॅप' असे मोठ्या अक्षरांत वाचले की ज्वारीपुढच्या कंसातला आकडा अवश्य पाहावा. रंगावर तर मुळीच विसंबू नये, कारण तपकिरी छटा माल्टने किंवा कॅरॅमलनेही आणता येते. यादीत १५० या क्रमांकाने सुरू होणारा रंग दिसला तर तो कॅरॅमलच असतो. शेवटी पोषणमूल्यांच्या चौकटीत कर्बोदकांच्या आकड्याला तंतूंच्या आकड्याने भागून पाहावे: उत्तर १० किंवा त्याहून कमी आले तर पिठात कोंडा बऱ्यापैकी आहे असे समजायला हरकत नाही.

इथे सोलापूरकरांच्या मनात एक प्रश्न हमखास येईल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, मालदांडी तर घराघरांतली. मग निव्वळ ज्वारीचाच रॅप का मिळत नाही? कारण ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, नसते. गव्हाचे पीठ मळले की त्यात जी लवचीक जाळी तयार होते, तिच्यामुळेच रॅप पातळ लाटता येतो आणि घडी घातली तरी तुटत नाही. ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्याने भिजवून, तळहाताने रगडून भाकरी थापता येते, पण ती आठवडाभर पाकिटात मऊ राहणार नाही. त्यामुळे पाकीटबंद ज्वारी रॅपमध्ये बहुधा गहू किंवा मैदा असतो, नाहीतर इसबगोल, डिंक यांसारखे काही बांधणारे घटक घातलेले असतात. यात वावगे काही नाही, मात्र ज्यांना ग्लूटेन वर्ज्य आहे त्यांनी नावावर भरवसा ठेवू नये.

घरी गिरणीतून पाच धान्यांचे पीठ दळून आणणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. लोकवन गहू, ज्वारी, नाचणी, सोयाबीन आणि हरभरा डाळ असे ते मिश्रण बहुतांशी अख्खेच असते. डाळीऐवजी सालासकट हरभरे घातले तर आणखी चांगले. पण हेच पीठ नंतर मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा टाकून दिला जातो आणि गिरणीत जे मिळवले ते ओट्यावर गमावले जाते. नेहमीच्या पिठाच्या चाळणीने, खडा-काडी निघण्यापुरते चाळणे पुरेसे आहे. या पिठात गव्हाचे प्रमाण निम्म्याहून जास्त ठेवून, ते कोमट पाण्यात सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवावे, कारण कोंड्याला पाणी शोषायला वेळ लागतो आणि घाई केली तर लाटताना कडा चिरतात. पोळी दोन्ही बाजूंनी अर्धकच्ची भाजून कापडात गुंडाळली की पिझ्झ्यापुरता रॅप तयार.

तव्यावरही दोन्ही रॅप सारखे वागत नाहीत. मैदा जास्त असलेला रॅप छान कुरकुरीत होतो, पण निवला की चिवट होतो. आट्याच्या रॅपच्या कडा लवकर करपतात, म्हणून आच मंद हवी. दोघांचाही खरा शत्रू मात्र पाणी. रॅप आधी एका बाजूने कडक होईपर्यंत भाजावा, उलटावा आणि त्या भाजलेल्या बाजूवर सॉस लावावा. म्हणजे ओल चटकन आत मुरत नाही. टोमॅटोचा सॉस पळीने ओढला तर पळीमागची वाट क्षणभर तशीच राहावी, इतका आटवलेला असावा. कांदा आणि ढोबळी मिरची अगदी पातळ चिरावी, टोमॅटोच्या बिया काढाव्यात, मशरूम घालायचे असतील तर आधी परतून घ्यावेत. वर झाकण ठेवून चीज वितळेपर्यंतच तवा आचेवर ठेवावा. ओव्हन असल्यास तो आधी २०० अंशांवर तापवून घ्यावा. मग सहा ते आठ मिनिटे पुरतात.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. रॅपच्या पिझ्झ्यात कॅलरींची जी बचत होते, तिचा मोठा भाग पीठ कमी लागल्यामुळे होतो. एका मध्यम रॅपचे वजन साधारण ५० ग्रॅम असते, तर तेवढ्याच आकाराच्या जाड बेसचे त्याच्या दुप्पट-तिप्पट. होल व्हीट रॅप घेतल्याने त्यात तीनेक ग्रॅम तंतूंची भर पडते. दिवसाची गरज सुमारे ३० ग्रॅम आहे हे लक्षात घेता ही भर लहान आहे, पण टाकाऊ नाही. हा सगळा हिशेब चीज मूठभर जास्त पडले की उलटतो. त्यातही प्रोसेस्ड चीजमध्ये मोझरेलापेक्षा सोडियम सहसा बरेच जास्त असते, कारण नेहमीच्या मिठाशिवाय चीज एकजीव ठेवणारे क्षारही त्यात असतात. तयार रॅपमध्येही मीठ असतेच. म्हणून वरून शेंगा चटणी भुरभुरणार असाल, आणि सोलापुरात ती भुरभुरली जाणारच, तर सॉस करताना त्यात मीठ घालू नये.

कडक भाकरीवर पिझ्झा करण्याचा प्रयोगही इथे बरेच जण करतात. तंतूंच्या दृष्टीने तो उत्तमच आहे, कारण साधारणपणे ती भाकरी निव्वळ ज्वारीची असते. पण ती आधीच पूर्ण भाजलेली आणि कोरडी असल्याने पुन्हा भाजण्याची गरज नसते. चीज वेगळ्या तव्यावर भाज्यांवरच वितळवून घ्यावे आणि वाढण्याच्या क्षणी भाकरीवर ओतावे. कापायला सुरी घेतली तर तिचे तुकडे वाटेल तसे उडतात, तेव्हा हातानेच मोडलेली बरी.